पुसला तरी परत येणारा पी०१३५ : ‘चेक इंजिन’च्या दिव्याचा माग

गोव्यात मांद्रेहून पर्वरीला रोज ये-जा करणाऱ्या माझ्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा गेल्या जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, प्रथम पेटला. पुढच्या सात आठवड्यांत तो दोनदा आपोआप विझला, तीनदा गॅरेजमध्ये पुसण्यात आला आणि प्रत्येक वेळी परत आला. गाडीचा पिकअप पूर्वीसारखाच होता, मिसिंग (सिलिंडरमधील ज्वलन चुकून बसणारे झटके) नव्हते, धूर नव्हता; एवढेच काय, त्याच काळात पीयूसीची मुदत संपली म्हणून तपासणी केली तेव्हा गाडी पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली. त्यामुळे ‘दिवाच खराब आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका’ असा सल्ला देणारे जेवढे भेटले, तेवढेच ‘सेन्सर गेला, बदलून टाका’ म्हणणारेही भेटले. दोन्ही सल्ले चुकीचे ठरले, आणि दुसरा सल्ला मानल्यामुळे मला ४८०० रुपयांचा भुर्दंड बसला. ज्यांच्या गाडीचा दिवा असाच पुन्हा पुन्हा पेटतो, त्यांना उपयोग व्हावा म्हणून तपासाचा सगळा क्रम येथे मांडत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिथे विलंब चालत नाही. दिवा स्थिर पेटलेला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाईने रस्त्यात थांबण्याचे कारण नाही. तेलाच्या दाबाचा आणि तापमानाचा दिवा विझलेला आहे ना, एवढे पाहून सावकाश घरी जाता येते. मात्र हाच दिवा लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा ज्वलन चुकत आहे आणि न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत आहे, असा त्याचा अर्थ होतो. कन्व्हर्टरच्या आतील जाळी त्या उष्णतेने वितळू शकते आणि तो सुटा भाग गाडीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक असतो. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडावा, गाडी बाजूला घ्यावी आणि शक्य असल्यास टो करून न्यावी.

कोड म्हणजे काय

इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात, गाडी चालू असताना स्वतःच्या सेन्सरांच्या आणि मंडलांच्या (विजेच्या सर्किटांच्या) चाचण्या सतत घेत असतो. एखादी चाचणी अपेक्षित मर्यादेबाहेर गेली की तो त्या चाचणीचा क्रमांक स्मृतीत नोंदवतो. हाच तो कोड. म्हणजे कोड हे नापास झालेल्या विषयाचे नाव आहे. मुलगा गणितात का नापास झाला, हे गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते, तसेच कोणता सुटा भाग बिघडला हे कोडमध्ये लिहिलेले नसते. सगळा घोटाळा इथेच होतो.

कोडची बांधणी समजली तर अर्धे काम होते. पहिले अक्षर विभाग सांगते : पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखी चाकांकडील यंत्रणा आणि यू म्हणजे संगणकांचे आपापसातील दळणवळण. पुढचा अंक ० असेल तर तो कोड बहुतेक सर्व कंपन्यांत समान अर्थाचा असतो, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ इंटरनेटवरच्या सर्वसाधारण यादीत पाहणे धोक्याचे असते. तिसरे स्थान उपविभागाचे : १ व २ हवा आणि इंधनाचे मोजमाप, ३ ठिणगी व मिसिंग, ४ प्रदूषण-नियंत्रणाची जोडसाधने, ७ गिअरबॉक्स. शेवटचे दोन अंक नेमकी चाचणी सांगतात. माझ्या गाडीतला पी०१३५ याप्रमाणे वाचला तर ‘बँक १, सेन्सर १ : ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे मंडल’ असा अर्थ निघतो. बँक म्हणजे सिलिंडरची रांग. एका ओळीत तीन किंवा चार सिलिंडर असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ती एकच असते. सेन्सर १ कन्व्हर्टरच्या आधीचा आणि सेन्सर २ त्याच्या नंतरचा.

या ओळीतील शेवटचा शब्द ‘मंडल’ आहे, हे मी तेव्हा वाचूनही वाचले नाही, आणि ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली होती तिथेही कोणी वाचले नाही. मंडलात हीटर येतो, तशीच त्याला वीज पुरवणारी वायर, फ्यूज, रिले, कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या) पिना आणि ईसीयूकडची अर्थिंगची बाजू हेही सगळे येते.

एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजून मिश्रणाची बातमी ईसीयूला देणाऱ्या या ऑक्सिजन सेन्सरला हीटर का लागतो, हेही थोडक्यात सांगतो. सेन्सरमधील झिर्कोनियाचा तुकडा साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. एक्झॉस्टच्या वायूने तो तापेपर्यंत बराच वेळ जातो, म्हणून आत विजेची छोटी शेगडी बसवलेली असते. ती बंद असेल तर इंजिन तेवढा वेळ सेन्सरचे न ऐकता ठरावीक अंदाजाने पेट्रोल सोडते. पुढे सेन्सर एक्झॉस्टच्या उष्णतेने तापला की सर्व सुरळीत होते. पीयूसीची गाडी तापलेली असताना होणारी तपासणी मला त्रास न देता का पार पडली, याचे उत्तर यातच आहे. शिवाय त्या तपासणीत नळीतून निघणारा धूर मोजला जातो, ईसीयूची स्मृती वाचली गेली नव्हती. त्यामुळे ‘पीयूसी मिळाले म्हणजे दिवा खोटा’ हा तर्क टिकत नाही.

नवा सेन्सर सहा दिवस चालला

गॅरेजमध्ये पहिल्या दोन खेपांना कोड वाचून लगेच पुसण्यात आला. तिसऱ्या खेपेला सेन्सर बदलला. त्यानंतर सहा दिवस दिवा पेटला नाही आणि सातव्या दिवशी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, पुन्हा तोच दिवा आणि तोच कोड. जुना सेन्सर मी मागून घेतला होता, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. घरी मल्टिमीटरने त्याच्या हीटरच्या दोन पिनांमधील रोध (रेझिस्टन्स) मोजला तर तो ६ ओहम भरला. हीटर तुटला असता तर मीटरने अनंत दाखवले असते. थोडक्यात, चांगला सेन्सर काढून चांगला सेन्सर बसवला होता.

त्यानंतर मी कोड पुसू द्यायचे नाही असे ठरवले. पुसण्याची आज्ञा दिली की केवळ कोड जात नाही. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती याचे ईसीयूने टिपलेले चित्र, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, तेही जाते, आणि ईसीयूने पूर्ण केलेल्या स्व-चाचण्यांची नोंदही कोरी होते. बॅटरीचे टर्मिनल काढून दिवा घालवण्याचा घरगुती उपाय बहुतेक गाड्यांत हेच करतो. वारंवार येणाऱ्या दोषात हा पुरावा सर्वांत मोलाचा असतो, आणि आपण तोच पैसे देऊन नष्ट करून घेतो.

कोड वाचण्यासाठी मोठ्या स्कॅनरची गरज नसते. स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्यांच्या आसपास, १६ पिनांचे सॉकेट असते. भारतात २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ लागू झाल्यामुळे त्या नंतरच्या बहुतेक गाड्यांतून साध्या ब्लूटूथ अॅडॉप्टरने आणि फोनवरील अॅपने कोड, फ्रीझ फ्रेम व चालू वाचने पाहता येतात. असे अॅडॉप्टर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात : आयफोन असल्यास साधे ब्लूटूथ अॅडॉप्टर बहुधा जोडले जात नाही, वायफायचे किंवा आयफोनला चालणारे पाहून घ्यावे, आणि अॅडॉप्टर रात्रभर सॉकेटमध्ये ठेवू नये, कारण तिथे चावी काढल्यावरही बॅटरीचा पुरवठा चालू असतो.

माझ्या फ्रीझ फ्रेममध्ये कूलंटचे तापमान २७ अंश, वेग शून्य, इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे १२०० असे आकडे होते. म्हणजे थंड इंजिन, घराच्या अंगणातच, चावी फिरवल्यावर लगेच. पुढच्या वेळीही तापमान २६ अंश. शिवोलीच्या पुलावर किंवा म्हापशाच्या गर्दीत दोष कधीच नोंदला गेला नव्हता.

आता राहिला प्रश्न दिवा कधी पेटतो आणि कधी विझतो याचा, ज्याने मला सर्वांत जास्त गोंधळात टाकले होते. बऱ्याच दोषांच्या बाबतीत ईसीयू पहिल्या अपयशाला दिवा पेटवत नाही. तो ‘पेंडिंग’ कोड ठेवतो. लगेच पुढच्या फेरीतही, म्हणजे इंजिन पुन्हा सुरू करून गाडी चालवल्यावरही, तीच चाचणी नापास झाली तरच कोड पक्का होतो आणि दिवा पेटतो. त्यानंतर सलग तीन फेऱ्या चाचणी उत्तीर्ण झाली तर दिवा विझतो. पण कोड स्मृतीत राहतो आणि साधारण ४० वेळा इंजिन थंडे-गरम होईपर्यंत दोष परतला नाही तरच पुसला जातो. दिवा विझलेला असताना कोड वाचायला जावे ते यासाठी. मी दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ पेंडिंग कोड पाहून वहीत लिहिले, तेव्हा चित्र उघड झाले. ओल्या सकाळी पेंडिंग कोड जवळजवळ नेहमी असे. कार्यालयात छपराखाली जागा मिळाली, तर संध्याकाळची चाचणी पार पडून तो निघून जाई आणि दिव्यापर्यंत गोष्ट पोहोचतच नसे. गाडी दिवसभर उघड्यावर भिजली, तर सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन लागोपाठ फेऱ्या नापास होत आणि दिवा पेटे. दिव्याचे येणे-जाणे माझ्या पार्किंगच्या नशिबावर चालले होते!

थंड इंजिन आणि ओल, एवढे कळल्यावर संशय वायरिंगवर जाणे स्वाभाविक होते. फ्यूज शाबूत होता. सेन्सरचा कपलर सोडवून, चावी चालू ठेवून, पुरवठ्याच्या पिनेवर मीटर लावला तर १२.४ व्होल्ट. बॅटरीवरही तेवढेच. इथे मी थांबलो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे पुरवठा उत्तम होता.

बल्बची चाचणी

म्हापशातील एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी मीटरचा आकडा पाहून मान हलवली आणि माझ्या जुन्या सेन्सरचा कपलर कापून मागितला. त्याच्या पिना बारीक पॉलिश पेपरने घासून लखलखीत केल्या, हीटरच्या दोन तारांपैकी पुरवठ्याच्या तारेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला, बल्बचे दुसरे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावले आणि तो कपलर गाडीच्या वायरिंगमध्ये बसवला. बल्ब पेटला, पण देवघरातल्या समईसारखा. मीटर आता ७ व्होल्टच्या आसपास दाखवत होता. “व्होल्टेज आसा, पूण ताका दम ना,” ते म्हणाले.

यामागचे गणित शाळेतले आहे. मीटर स्वतः जवळजवळ प्रवाहच घेत नाही, त्यामुळे वाटेत ४ ओहमचा अडथळा असला तरी मीटरला तो जाणवत नाही आणि आकडा पूर्ण दिसतो. हीटर मात्र ६ ओहमचा. अडथळा नसताना १२.४ व्होल्टला त्यातून सुमारे २ अँपिअर प्रवाह जातो आणि २५ वॅट उष्णता मिळते. वाटेत ४ ओहम आले की प्रवाह १.२४ अँपिअरवर येतो आणि हीटरला जेमतेम ९ वॅट मिळतात. शेगडी तापत नाही, ईसीयूला प्रवाह कमी दिसतो आणि तो प्रामाणिकपणे पी०१३५ नोंदवतो. त्याची काहीच चूक नव्हती.

अडथळा कुठे होता हे शोधायला पाच मिनिटे लागली. कपलरच्या मागच्या बाजूने, वायरलाच मीटर लावला तर बल्ब पेटलेला असतानाही १२ व्होल्टच्या वर. पुढे पिनेच्या तोंडाशी ७. म्हणजे दोष वायरच्या टोकावरच्या त्या एका धातूच्या टर्मिनलमध्ये. ते काढून हातावर घेतले तेव्हा वायर जिथे दाबून बसवलेली असते तिथे, पितळेच्या भांड्यात ताक कळकल्यावर दिसतो तसा, हिरवा-निळसर थर होता आणि तांब्याच्या केसांपैकी अर्धे काळे पडून तुटले होते. कपलरचे रबरी सील एका बाजूला दुमडलेले होते. आमचे घर समुद्रापासून फार दूर नाही. खारा वारा बारा महिने असतो, आणि त्यात मी दर चतुर्थीच्या आधी इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुवून घेत होतो. या धुण्याबद्दल आता माझे मत वाईट झाले आहे.

नवा सेन्सर सहा दिवस का चालला, याचेही उत्तर मिळाले. गंजलेले टर्मिनल वायरिंगच्या बाजूचे होते आणि सेन्सर बदलताना ते बदलले गेलेच नव्हते. कपलर काढता-घालताना वायर हलून दाबलेल्या जोडातला थर खरवडला गेला असावा आणि काही दिवस संपर्क बरा राहिला.

दुरुस्ती म्हणजे वायर काळी पडलेल्या भागापर्यंत कापणे, निरोगी तांब्यावर नवे टर्मिनल दाबून बसवणे आणि नवे सील घालणे. एकूण ३५० रुपये. टर्मिनलवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवले आणि सीलला थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले; हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते पाणी अडवण्यासाठी असते, त्यामुळे पिनेवर ते थापण्यात अर्थ नाही. कोड पुसण्यापूर्वी बल्ब पुन्हा लावला : १२.१ व्होल्ट आणि डोळ्यांना त्रास होईल असा उजेड.

ही चाचणी घरी करणाऱ्यांनी एक मर्यादा काटेकोरपणे पाळावी. बल्ब फक्त हीटरच्या पुरवठ्याच्या वायरवर लावायचा. सेन्सरचा संकेत वाहणाऱ्या किंवा ईसीयूकडे जाणाऱ्या वायरला २१ वॅटचा बल्ब लावला तर ईसीयू जळू शकतो. गाडीचा वायरिंग डायग्राम हातात नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनवर सोपवावे. मीटरची जाड टोके पिनेच्या भोकात खुपसू नयेत. भोक सैल होते आणि नवा दोष तयार होतो.

हाच घोटाळा इतर कोडांतही होतो. पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, आला की ऑक्सिजन सेन्सरला दोष दिला जातो. वास्तविक तो बिचारा हवा जास्त असल्याची बातमी बरोबर देत असतो. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली वाढ-घट) खूप वर आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांना जवळजवळ नेहमीसारखा असेल तर कुठेतरी नळी फुटून हवा आत ओढली जाते. उलट, भार वाढेल तसा ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजे फिल्टर किंवा पंप पाहावा. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत मात्र त्याऐवजी इनटेकमधील दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो आणि तिथे फुटलेली नळी बहुधा ट्रिमपेक्षा वाढलेल्या आयडलमधून स्वतःची ओळख देते. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. पण तो बदलण्याआधी एक्झॉस्टच्या जोडात गळती नाही ना आणि पूर्वी मिसिंगचा कोड येऊन गेला होता का, हे पाहिलेच पाहिजे. पावसात पी०३०० ते पी०३०४ यांपैकी मिसिंगचे कोड येत असतील तर प्लगच्या खोबणीत पाणी साचलेले नाही ना आणि ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइलचे रबर चिरलेले नाही ना, हे प्रथम पाहावे. तसेच पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा, हा इंटरनेटवरचा लाडका उपाय मुख्यतः अमेरिकी गाड्यांचा आहे. तिथे इंधनाच्या वाफेची गळती ईसीयू तपासतो, आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत ती चाचणीच नसते.

दुरुस्तीनंतर मी महिनाभर पेंडिंग कोड पाहत राहिलो, कारण थंड व ओल्या सुरुवातीची परीक्षा झाल्याशिवाय दोष गेला असे म्हणता येत नव्हते. श्रावणातल्या दोन सलग भिजलेल्या दिवसांनंतरही वहीतला रकाना रिकामा राहिला. त्याच आठवड्यात कन्व्हर्टरनंतरच्या दुसऱ्या सेन्सरचा कपलर उघडून पाहिला. पिनांच्या कडेला हिरवी छटा धरू लागली होती, मात्र बल्ब पूर्ण उजेडाने पेटत होता. तो साफ करून सील बदलले, आणि चतुर्थीला गाडी बादलीतल्या पाण्याने व फडक्याने बाहेरूनच धुतली.